घरचे एनर्जी बार : कधी चुरा, कधी दगड. प्रमाण नेमकं कुठे चुकतं?

मोजूनमापून

एनर्जी बारच्या पाककृती ढिगाने मिळतात, पण बहुतेक ठिकाणी "एक कप हे, अर्धा कप ते, लागेल तसा मध" एवढ्यावर काम भागवलेलं असतं. कप केवढा आणि "लागेल तसा" म्हणजे किती, ते कळत नाही. म्हणून मी वजनातच लिहिते.

रोल्ड ओट्स २०० ग्रॅम, बदाम आणि अक्रोड मिळून १०० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ५० ग्रॅम, बेदाणे ५० ग्रॅम, मध ८० ग्रॅम. ओट्स आणि बदाम कोरडे भाजले, मध नुसता कोमट करून त्यात कालवला, ट्रेमध्ये थापून तासभर फ्रीजमध्ये ठेवलं. कापायला घेतलं की सुरीच्या दोन्ही बाजूंना चुरा. तेच मध १५० ग्रॅम घेऊन दहा मिनिटं उकळला, तर बार एकसंध झाला पण दातांनी तुटेना.

तर कोरड्या जिनसांना ओलं किती लागतं? मध न वाढवता बार धरून ठेवता येतो का? आणि फ्रीजबाहेर किती दिवस टिकतो? ओव्हन आहे, वजनकाटा आहे, थर्मामीटर नाही.

शेगडी

वजनं दिलीत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. तुमच्या कोरड्या जिनसा ४०० ग्रॅम आणि धरणारा मध ८० ग्रॅम, म्हणजे २० टक्के. एवढ्यात प्रत्येक दाण्यावर पातळ लेपही बसत नाही. कोरड्याच्या वजनाच्या ४५ ते ५० टक्के ओलं लागतं. मात्र ते सगळं मधच असायला हवं असं नाही. निम्मा मध आणि निम्मं बदामाचं किंवा शेंगदाण्याचं बटर हे प्रमाण पक्कं लक्षात ठेवा. मध चिकटवतो, बटर फटी भरतं आणि बार दातांखाली मऊ ठेवतं.

दुसरी गोष्ट, मध नुसता कोमट करण्याची. गरम मध पातळ होतो म्हणून भांड्यात सगळं छान मिसळल्यासारखं दिसतं, पण गार झाल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा वाहता मधच असतो. तो घट्ट बसायला हवा असेल तर त्यातलं थोडं पाणी जायला हवं. आणि दहा मिनिटं उकळलात तेव्हा नको तेवढं पाणी गेलं. चुरा आणि दगड यांच्यामधला फरक चमचाभर पाण्याचाच आहे.

गारवेल

वाचनखूण साठवली. थर्मामीटर नसताना ते चमचाभर पाणी ओळखायचं कसं, तेही लिहा ना.

शेगडी

@गारवेल, वजनकाट्यावर ओळखायचं. मधात साधारण १७-१८ टक्के पाणी असतं. जाड बुडाचं लहान पातेलं चमच्यासकट काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या, त्यात १०० ग्रॅम मध घाला. मंद आचेवर ठेवा. आधी कडेने बारीक बुडबुडे येतात, मग सगळा मध फेसाळून वर चढतो, म्हणून पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलं नको. फेस चढल्यावर दीड-दोन मिनिटांनी उतरवून वजन करा. मध ९५ ग्रॅमवर आला की थांबायचं. आता त्यात साधारण १४ टक्के पाणी उरलं आहे. गार झाल्यावर हा मध बोटाने दाबला तर दबतो, पण ओघळत नाही. ९२ ग्रॅमपर्यंत गेलात की पाणी ११ टक्क्यांवर येतं आणि बार दाताला चिकटायला लागतो. त्याखाली टॉफीच होते.

गरम पातेलं काट्यावर थेट ठेवू नका, खाली लाकडी पाटी ठेवून शून्य करून घ्या. उष्णतेने काटा चुकीचं वजन दाखवतो.

पाकसिद्धी

वजनाची युक्ती उत्तम. त्याला जोड म्हणून वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाकून बघा. थेंब पसरला तर कच्चा आहे. तळाशी जाऊन बोटांत मऊ गोळी झाली, आणि ती पाण्याबाहेर काढल्यावर हळूहळू चपटी झाली, तर बारसाठी तयार. गोळी टणक राहिली तर पुढे गेला.

ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांच्यासाठी एक सूचना. साखरेच्या पाकाच्या तक्त्यात मऊ गोळीला ११२ ते ११६ अंश सेल्सियस लिहिलेलं असतं. मधाला तो आकडा लावू नका. मधात साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते. हे रेणू साध्या साखरेच्या रेणूहून लहान, त्यामुळे तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त आणि उकळबिंदूही जास्त चढतो. मध ११२-११५ च्या आसपास तर नुसता उकळायला लागतो. त्यातलं पाणी हवं तेवढं कमी होतं ते ११८ ते १२० च्या सुमारास. आच मंदच हवी. फ्रुक्टोज लवकर करपतं आणि मग कडवटपणा काही केल्या जात नाही.

खलबत्ता

ओल्याचं प्रमाण झालं, आता कोरड्याकडे या. @मोजूनमापून, बदाम अख्खे घातले होते का? अख्खा बदाम सुरीखाली आला की सुरी त्याला कापत नाही, ढकलते, आणि बार तिथूनच फुटतो. बदाम, अक्रोड हरभऱ्याच्या डाळीएवढे चिरा, ४-५ मिलिमीटर. त्याहून मोठा तुकडा दीड सेंटिमीटर जाडीच्या बारमध्ये नको.

आणि ओट्सपैकी पाव भाग मिक्सरमध्ये दोनदा फिरवून जाडसर भरड करा. सगळे ओट्स अख्खे असले की पानांच्या ढिगासारखं होतं, मध्ये पोकळ्या राहतात. भरड त्या पोकळ्यांत जाऊन बसते. पण सगळेच ओट्स दळू नका. पीठ मध शोषून घेतं आणि बार कोरडा, भुसभुशीत होतो.

भाजणं: ओट्स १५० अंशावर १२ ते १५ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. काठाला बदामी रंग आणि खमंग वास आला की काढा. बदाम १६० अंशावर ८ ते १० मिनिटं. तीळ वेगळेच भाजा, तडतडायला लागले की लगेच. सगळं एकाच ट्रेमध्ये भाजलं तर बदाम होईपर्यंत तीळ करपतात.

तीळतांदूळ

बेदाणे अजिबात भाजू नका, फुगून कडू होतात. आणि ते शेवटी घाला.

खारकेचं_झाड

एवढा उद्योग कशासाठी? खजुराचा बार करा. उकळणं नाही, पाक नाही, ओव्हन नाही. २५० ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर, २०० ग्रॅम भाजलेले बदाम किंवा काजू, ५० ग्रॅम ओट्सची भरड, चिमूटभर मीठ. आधी बदाम मिक्सरमध्ये तुकडे होतील एवढेच फिरवून बाजूला काढा. मग खजूर एकटा फिरवा, त्याचा गोळा होऊन भांड्याला सुटा फिरायला लागला की बदाम आणि भरड घालून हाताने मळा. बदाम आणि खजूर एकत्र फिरवले तर बदामाचं तेल सुटतं आणि गोळा तेलकट होतो. दोन बटर पेपरमध्ये ठेवून लाटण्याने दीड सेंटिमीटर जाड लाटा, तासभर फ्रीजमध्ये, की कापा.

खजूर कोरडा असेल तर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून दाबून निथळवा. ते पाणी मिश्रणात घालू नका. पाणी घातलेला बार मऊ लागतो, पण दोन दिवसांत आंबूस वास धरतो.

सर्वांत मोठी गोष्ट, साखर शून्य.

अष्टमान

@खारकेचं_झाड, कृती अगदी बरोबर, पण "साखर शून्य" याला हरकत आहे. खजुरात १०० ग्रॅममागे साधारण ६५ ग्रॅम साखर असते. तुमच्या २५० ग्रॅममध्ये १६० च्या वर झाली. १२ बार केले तर एका बारमध्ये खजुरातूनच साडेतेरा ग्रॅम.

फरक आहे तो साखर कशासोबत येते याचा. खजुरासोबत तंतुमय पदार्थ आणि पोटॅशियम येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली ती "मुक्त साखरे"साठी, आणि त्यात वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, सिरप, फळांचे रसही धरले आहेत. अख्ख्या फळातली साखर त्यात नाही. मर्यादा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली. २००० कॅलरीच्या आहाराला म्हणजे ५० ग्रॅम, जमल्यास २५ ग्रॅम.

म्हणून "मध नैसर्गिक, तो चालतो" हेही पूर्ण खरं नाही. १०० ग्रॅम मधात ८० ग्रॅमच्या वर साखर असते आणि ती मर्यादेत मोजायची असते. बार पौष्टिक आहे का, हे त्यात काय घातलं नाही यापेक्षा एका बारमध्ये किती काय आहे यावरून ठरवा.

खारकेचं_झाड

मान्य. "वरून घातलेली साखर नाही" असं म्हणायला हवं होतं.

दूरचा_पल्ला

अष्टमान यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन, पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. बार खायचा कधी? दुपारी चारला भूक लागते तेव्हाचा बार आणि तीन तास सायकल चालवताना खायचा बार, हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

बैठ्या वेळी बदाम, बिया, ओट्स भरपूर असलेला बार उत्तम. पचायला वेळ घेतो, पोट भरलेलं राहतं. तोच बार पळताना किंवा सायकलवर खाल्ला तर पोटात गोळा येतो, कारण स्निग्ध पदार्थ आणि तंतू जठरातून अन्न पुढे जायचा वेग कमी करतात. एका तासापेक्षा जास्त चालणाऱ्या व्यायामात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यायची असतात. अडीच-तीन तासांच्या पुढे ९० पर्यंत जाता येतं, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही हवीत, कारण आतड्यात त्यांना शोषून घेणाऱ्या वाटा वेगळ्या आहेत. मधात आणि खजुरात दोन्ही असतात.

व्यायामासाठीचं प्रमाण: खजूर २०० ग्रॅम, मध ६० ग्रॅम, तांदळाचे कुरमुरे ६० ग्रॅम, ओट्सचं पीठ ४० ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम. बदाम-काजू नाहीत. यात एकूण सुमारे २७५ ग्रॅम कर्बोदकं. दहा बार केले की एकात २७-२८ ग्रॅम, म्हणजे तासाला दोन बार आणि सोबत पाणी. पाणी न पिता खाल्ला तर एवढी साखर पोटात पाणी ओढून घेते आणि मळमळतं. कुठलाही नवा बार शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका, सरावात आधी पोटाला विचारून घ्या.

गारवेल

@दूरचा_पल्ला, खजुराबरोबर कुरमुरे दुसऱ्या दिवशी सादळतात. बार चामड्यासारखा वातड होतो. त्यावर काही उपाय?

पाकसिद्धी

याचं कारण समजलं की उपाय आपोआप सुचतो. पदार्थात पाणी किती टक्के आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे, हे महत्त्वाचं. त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात आणि ती ० ते १ अशी मोजतात. मऊ सुकामेवा साधारण ०.६ च्या आसपास, ताजे कुरकुरीत कुरमुरे ०.३ किंवा त्याहून कमी. एका डब्यात ठेवले की पाणी जास्त आकड्याकडून कमी आकड्याकडे जात राहतं, दोघं समान होईपर्यंत. ०.४-०.५ च्या पुढे कुरमुऱ्यांचा कुरकुरीतपणा संपतो. हवाबंद डब्याने हे थांबत नाही, कारण पाणी बाहेरून येतच नाही, शेजारच्या खजुरातून येतं.

उपाय दोन. कुरमुऱ्यांना आधी पातळ स्निग्ध लेप द्यायचा. ६० ग्रॅम कुरमुऱ्यांवर १० ग्रॅम वितळवलेलं कोको बटर टाकून हलवून, पूर्ण गार करून मगच मिसळायचे. पाणी जायचं थांबत नाही, वेग कमी होतो. दुसरा उपाय म्हणजे दोन दिवसांत संपतील एवढेच बार करणे. कुरकुरीत बार आठवडाभर हवा असेल तर खजूर वगळा आणि आटवलेल्या मधावरच करा.

तीळतांदूळ

आणि ज्या बारचा चुरा झाला तो फेकू नका. वाटीत काढा, वर दूध ओता, सकाळचा नाश्ता तयार :)

बलभीम

प्रोटीनवाल्यांसाठी कोणी लिहील का? २० ग्रॅम प्रोटीनचा बार हवा म्हणून व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची) भरपूर घातली की पहिल्या दिवशी मऊ लुसलुशीत लागतो आणि चौथ्या दिवशी वीट.

अष्टमान

@बलभीम, पावडर मधातलं पाणी हळूहळू ओढून घेते, ते काम पहिल्या तासात संपत नाही, दिवसेंदिवस चालू राहतं. त्यात प्रोटीनचे कण एकमेकांना धरायला लागतात. म्हणून करताना मऊ वाटलं तरी पुढे बार घट्ट होतो.

एकूण वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत पावडर ठेवा. ५०० ग्रॅम मिश्रणाला ७५ ग्रॅम. त्यापुढचं प्रोटीन पीनट बटर, भोपळ्याच्या बिया, बदाम यांतून येऊ द्या. खाद्य दर्जाचं ग्लिसरीन मिळत असेल तर ३ टक्के, म्हणजे ५०० ला १५ ग्रॅम. ते पाणी धरून ठेवतं आणि बार मऊ राहतो. याहून जास्त घातलं तर गोडसर, गरम अशी विचित्र चव येते.

पावडर उकळत्या मधात कधीच घालू नका. व्हे ७० अंशाच्या पुढे गोठायला लागतं आणि मिश्रण रवाळ होतं. मध आणि बटर एकत्र करून ६० च्या खाली येऊ द्या, बोट टेकवून क्षणभर ठेवता येईल इतपत, मग पावडर चाळून घाला. प्रोटीन गोठलं म्हणजे त्यातलं पोषण गेलं असं मात्र नाही. बिघडतो तो पोत.

आणि हे खरंच सांगतो, एका बारमध्ये २० ग्रॅमचा हट्ट सोडा. ४५ ग्रॅमच्या बारमध्ये १० ग्रॅम चवीला आणि पोताला दोन्ही चांगलं जमतं.

रानफूल

ज्यांच्या घरात शेंगदाणे, बदाम, काजूची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी. बटरच्या जागी सूर्यफुलाच्या बियांचं बटर त्याच वजनात चालतं. बिया १५० अंशावर १० मिनिटं भाजून गरम असतानाच मिक्सरला लावा, थांबत थांबत, कडा खरवडत. आधी पूड, मग गोळा, मग अचानक तेल सुटून पातळ होतं. गोळ्यापाशी धीर सोडून पाणी घालू नका, पाण्याने ते घट्ट होऊन बसतं.

या बटरच्या भाजलेल्या बारमध्ये खायचा सोडा घातला तर आतून हिरवा रंग येतो. बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याशी मिळाल्यामुळे होतं ते. बुरशी समजून टाकून देऊ नका, खायला सुरक्षित आहे.

तिळाचीही ॲलर्जी असते, तेव्हा दुसऱ्यांना देताना जिनसांची यादी चिकटवाच. आणि मधाचा कोणताही बार एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायलाही नको. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि उकळल्याने ते मरत नाहीत.

खलबत्ता

रानफूल यांचा प्रतिसाद फार महत्त्वाचा.

अवांतर: वर चॉकलेटचा थर द्यायचा असेल तर डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशाला वितळवा, ढवळत २७-२८ पर्यंत उतरवा, पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवा आणि बारला लावा. नुसतं वितळवून ओतलं तर वर पांढुरकी झाक येते आणि बोटाला लागतं. बार फ्रीजमधून काढल्या काढल्या चॉकलेट लावू नका, पृष्ठभागाला दव धरलेलं असतं.

सांजवात

धाग्यातला तिसरा प्रश्न राहूनच गेला, टिकण्याचा.

भाजलेल्या जिनसांचा, आटवलेल्या मधाचा बार हवाबंद डब्यात बाहेर ७ ते १० दिवस. खजुराचा, पाणी न घातलेला, बाहेर ४-५ दिवस, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे. दोन्ही फ्रीजरमध्ये तीन महिने. प्रत्येक बार वेगळा गुंडाळून मग डब्यात ठेवा. फ्रीजरमधून काढल्यावर वेष्टण लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत गुंडाळलेलाच राहू द्या, म्हणजे दव वेष्टणाच्या बाहेर धरतं, बारवर नाही.

असे बार बुरशीने कमी आणि खवटपणाने जास्त बिघडतात. अक्रोड आणि जवस यांतलं तेल हवेशी फार पटकन बिघडतं. जवसाची पूड करून महिनाभर ठेवायची आणि मग बारमध्ये घालायची, हे करू नका, त्या दिवशी लागेल तेवढीच दळा. भाजलेले दाणेही कच्च्या दाण्यांपेक्षा लवकर खवटतात. वास घेऊन बघा, ऑइलपेंटसारखा किंवा जुन्या तेलाच्या बाटलीसारखा वास आला की तो घाणा टाकून द्या. आठवड्याहून जास्त ठेवायचा बार असेल तर अक्रोडाच्या जागी बदाम.

खारकेचं_झाड

मध कमी करण्यासाठी कोणी अंड्याचं पांढरं वापरतं का?

शेगडी

@खारकेचं_झाड, चालतं, पण मग भाजावंच लागतं. एका अंड्याचं पांढरं ३० ते ३३ ग्रॅम, त्यातलं ९० टक्के पाणी. ३०० ग्रॅम कोरड्याला एक पांढरं, ६० ग्रॅम मध, ६० ग्रॅम शेंगदाण्याचं किंवा बदामाचं बटर. पांढरं फेटून फेसाळ करा, गार मिश्रणात घाला, थापून १५० अंशावर २० ते २५ मिनिटं. अंड्यातलं प्रोटीन जाळीसारखं बसतं, म्हणून कमी मधातही बार धरतो. पोत कुरकुरीत येतो, चिवट नाही. चियाच्या बिया भिजवून केलेला चिकट लगदाही काही जण घालतात, पण चमचाभर बियांबरोबर तीन चमचे पाणी आत जातं आणि ते भाजूनही पुरतं निघत नाही. तो बार दोन-तीन दिवसांचाच.

@मोजूनमापून, आता तुमचा बार. २० बाय २० सेंटिमीटरचा ट्रे धरून वरच्या सगळ्यांच्या सूचना जमवल्या आहेत:

ओट्स १५० ग्रॅम (त्यातल्या ४० ची भरड), चिरलेले बदाम ८०, भोपळ्याच्या बिया ४०, तीळ २०, बेदाणे ६०. कोरडं झालं ३५०. मध ९०, शेंगदाण्याचं बटर ९०, मीठ २ ग्रॅम. ओलं झालं १८०.

ट्रेला बटर पेपर लावा, दोन बाजूंनी बाहेर लोंबेल असा. मध ९० चा ८५-८६ ग्रॅमवर आणा. आचेवरून उतरवून मगच बटर आणि मीठ घाला, एकजीव होईपर्यंतच ढवळा. जास्त घोटलं तर तेल वेगळं होतं. झालंच तर एक छोटा चमचा गरम पाणी घालून हलवा, परत जुळून येतं. कोरड्या जिनसा कोमट असतानाच त्यावर ओता. गार जिनसांवर मध लगेच घट्ट होतो आणि लेप सारखा बसत नाही.

मग थापणं, आणि अर्ध्याहून जास्त बार इथेच बिघडतात. चमच्याच्या पाठीने दाबणं पुरत नाही. वर बटर पेपर ठेवून सपाट बुडाच्या वाटीने, कोपऱ्यांपासून सुरू करून आत येत, अंगाचा भार देऊन दाबा. जाडी सारखी दीड सेंटिमीटर व्हायला हवी. १५० अंशावर १५ मिनिटं भाजा, बाहेर काढल्यावर गरम असतानाच पुन्हा एकदा दाबा आणि दोन तास हात लावू नका. बारा तुकडे, एकेक साधारण ४४ ग्रॅमचा. त्यात सुमारे १९५ कॅलरी, ६ ग्रॅम प्रोटीन, आणि मधातून येणारी साखर ६ ग्रॅम.

मध जवळजवळ तुमच्या ८० एवढाच राहिला आहे. बाकीचा भार शेंगदाण्याच्या बटरने उचलला.

गारवेल

ओव्हन नसेल तर?

शेगडी

न भाजताही धरतो. मध थोडा जास्त आटवा, ९० चा ८४ ग्रॅमवर, आणि थापल्यावर वर सपाट पाटी व तिच्यावर दोन-तीन किलोचं वजन ठेवून गार होऊ द्या. ओट्स आणि बदाम मात्र कढईत मंद आचेवर नीट भाजलेले हवेत.

मोजूनमापून

सगळ्यांचे मनापासून आभार. शेगडी यांच्या प्रमाणाने केला. मध ९० चा ८६ ग्रॅम झाला. मधले आठ तुकडे स्वच्छ कापले गेले, एक दाणा सुटला नाही. कडेच्या चार तुकड्यांचे बाहेरचे कोपरे मात्र तुटले. तिथे थर थोडा पातळ आणि जास्त लालसर दिसतोय.

खलबत्ता

दोन्ही लक्षणं एकाच गोष्टीची. कडेला मिश्रण कमी पोचलं, म्हणून थर पातळ राहिला, आणि पातळ थर आधी कोरडा पडला. थापताना आधी मिश्रण मधून कडेकडे ढकलून कडा मधल्यापेक्षा दोन मिलिमीटर उंच ठेवा, मग दाबा. ट्रे काळा असेल तर १४० अंशावर भाजा, काळा पत्रा कडेने जास्त तापतो.

कापताना ट्रेमधून पेपरसकट उचलून पाटावर घ्या. लांब, जड सुरी पात्यावर भार देऊन सरळ खाली दाबा, करवतीसारखी पुढे-मागे ओढू नका. दर दोन कापांनंतर पातं गरम ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

सांजवात

आणि त्या चार तुटक्या कोपऱ्यांसाठी तीळतांदूळ यांची वाटी आहेच :)